बॅकअपच्या फाइली ‘डीफ्रॅग’ होत नाहीत, तेव्हा काय करावे?



गणेशोत्सव जवळ आला की आपल्या मंडळाच्या कार्यालयातल्या संगणकावर वर्दळ वाढते. कोणाला मागच्या वर्षीची वर्गणीची यादी हवी असते, कोणाला स्मरणिकेचे जुने मुखपृष्ठ, तर कोणाला बालनाट्याचे फोटो. यंदा मात्र तक्रार एकच होती: “बाहेरची हार्ड डिस्क लावली की संगणक नुसता घुमत बसतो.” त्या तक्रारीवर इलाज करता करता मंडळाचा जुना संग्रह आमच्याच हातून पुसला जायची वेळ आली होती. ती टळली. पण जे आमच्या बाबतीत घडले ते घरोघरी घडू शकते, म्हणून सगळा प्रकार आणि त्यामागचे तंत्र येथे सविस्तर देत आहोत.

काय घडले?

आपल्या एका तरुण सभासदाने हौसेने काम अंगावर घेतले. डिस्कवरच्या फाइली विखुरल्या असतील, त्या एकत्र केल्या की वेग वाढेल, हा त्याचा विचार. डिस्क १ टेराबाइटची, म्हणजे विंडोजच्या हिशेबाने ९३१ जीबी. त्यातली मोकळी जागा फक्त ६२ जीबी. विंडोजमधल्या डीफ्रॅगने डिस्क तपासून सांगितले, ‘१ टक्का विखुरलेली’. यावर विश्वास बसेना म्हणून त्याने दुसरा एक मोफत प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याच्या नकाशात अर्धी डिस्क लालभडक दिसली. रात्रभर तो चालवला. सकाळी पाहतो तो लाल रंग जवळजवळ तेवढाच, आणि खाली यादी: ‘या फाइली डीफ्रॅगमेंट करता आल्या नाहीत’. यादीतल्या बहुतेक फाइली बॅकअपच्या होत्या. सर्वांत मोठी ११८ जीबीची, सुमारे १,४०० तुकड्यांत पसरलेली.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सल्ला आला: “बॅकअपच आहे ना? पुसून टाका आणि नवा घ्या. जागाही होईल, तुकडेही जातील.” ऐकायला अगदी रास्त. फोल्डर निवडून झाला होता. तेवढ्यात शेजारी हिशेब लिहीत बसलेल्या आपल्या एका ज्येष्ठ भगिनींनी विचारले, “पण हा बॅकअप कशाचा आहे?”

उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. जुन्या नोंदवहीत पाहिले तेव्हा उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी जुना संगणक बंद पडला, दुकानात नेला, तिथे तो फॉरमॅट होऊन परत आला. त्याच्या आदल्या महिन्यात कोणीतरी दूरदृष्टीने पूर्ण संगणकाची प्रतिमा या डिस्कवर घेऊन ठेवली होती. स्मरणिकांच्या मूळ फाइली, सभासद कुटुंबांनी दिलेल्या मोडी कागदांची स्कॅन, जुन्या मैफलींची ध्वनिमुद्रणे, सगळे त्या ११८ जीबीच्या फाइलीत होते. इतरत्र कोठेही नव्हते.

म्हणजे ज्याला आम्ही ‘बॅकअप’ म्हणत होतो, तो बॅकअप नव्हताच. तीच एकमेव प्रत होती. मूळ शिल्लक असेल तरच दुसऱ्या प्रतीला बॅकअप म्हणायचे, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

फाइल विखुरते म्हणजे काय?

महाप्रसादाची पंगत डोळ्यांसमोर आणा. लोक येत आहेत, जेवून उठत आहेत, मधूनमधून पाने रिकामी होत आहेत. अशा वेळी २० जणांचे एक कुटुंब येते. सलग २० पाने मोकळी नसतात, म्हणून चौघे इथे, सहाजण तिथे, उरलेले पलीकडच्या रांगेत बसतात. जेवण सगळ्यांना मिळते, पण वाढप्याला त्या कुटुंबाला जिलबी वाढायची तर चार ठिकाणी फिरावे लागते.

हार्ड डिस्कवरही असेच होते. डिस्कची जागा छोट्या खणांत विभागलेली असते. विंडोजच्या नेहमीच्या एनटीएफएस पद्धतीत एक खण बहुधा ४ केबीचा. फाइल लिहिताना सलग खण मिळाले तर उत्तम, नाहीतर मिळेल तिथे तुकडे ठेवले जातात आणि कोणता तुकडा कोठे आहे याची नोंद ठेवली जाते. वाचताना डिस्कचे हेड एका तुकड्यावरून दुसऱ्यावर उडी मारते. या तुकड्यांना पुन्हा शेजारी आणून बसवणे म्हणजे डीफ्रॅग.

बॅकअपच्या फाइली इतरांपेक्षा जास्त विखुरतात, कारण त्या आकाराने प्रचंड असतात आणि बहुधा भरत आलेल्या डिस्कवर लिहिल्या जातात. जुना बॅकअप पुसला की भोके पडतात, नवा त्या भोकांत शिरतो, आणि दर महिन्याला हाच क्रम चालतो.

मग त्या एकत्र का होत नाहीत?

पहिले आणि सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे जागा. २० जणांच्या कुटुंबाला एकत्र बसवायचे तर कुठेतरी सलग २० पाने मोकळी करावी लागतील. ११८ जीबीची फाइल सलग बसवायला तितकी सलग जागा हवी, आणि आमच्याकडे ६२ जीबी होती, तीही विखुरलेली. विंडोजच्या डीफ्रॅगला नीट काम करण्यासाठी डिस्कची साधारण १५ टक्के जागा मोकळी लागते. ९३१ जीबीच्या १५ टक्के म्हणजे जवळपास १४० जीबी. तो प्रोग्रॅम रात्रभर छोट्या फाइली इकडच्या तिकडे करत राहिला. मोठीला हात लावणे त्याला शक्यच नव्हते.

दुसरे कारण म्हणजे फाइल वापरात असणे. पानावर बसून जेवणाऱ्याला ‘जरा उठा’ म्हणता येत नाही. बॅकअपचा प्रोग्रॅम मागे चालू असेल, किंवा बॅकअपची प्रतिमा वेगळी ड्राइव्ह म्हणून जोडलेली असेल, तर तो प्रोग्रॅम ती फाइल धरून ठेवतो. कित्येक डीफ्रॅग प्रोग्रॅम अशी फाइल सोडून पुढे जातात.

तिसरे कारण म्हणजे विंडोजने स्वतःकडे राखून ठेवलेली जागा. प्रत्येक डिस्कवर ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ नावाचा एक लपलेला फोल्डर असतो. रिस्टोअर पॉइंट आणि ‘शॅडो कॉपी’ म्हणजे फाइलींच्या जुन्या अवस्थांच्या नोंदी त्यात असतात. डीफ्रॅग प्रोग्रॅमला तिथे मुक्त प्रवेश नसतो, त्यामुळे नकाशात तो भाग कायम ‘हलवता न येणारा’ दिसतो. तो तसाच राहू द्यावा.

इथे एक धोका ध्यानात घ्यायला हवा. विंडोज ७ पासूनच्या अंगभूत बॅकअपमध्ये संगणकाच्या प्रतिमेच्या आधीच्या आवृत्त्या त्याच डिस्कवर शॅडो कॉपीच्या रूपाने राहतात. डीफ्रॅगने खण हलवले की शॅडो कॉपीच्या यंत्रणेला ते बदल वाटतात, ती जुने खण जपून ठेवू लागते, तिची ठरलेली जागा भरते आणि मग ती सर्वांत जुन्या आवृत्त्या टाकून देते. वेग वाढवायला गेलो आणि जुने बॅकअप गमावले, असे यातून होऊ शकते.

चौथे कारण म्हणजे विंडोजचा स्वतःचा निर्णय. व्हिस्टापासून पुढे विंडोजचा डीफ्रॅग ६४ एमबीहून मोठे तुकडे जोडण्याच्या फंदात सहसा पडत नाही आणि टक्केवारीतही त्यांना धरत नाही. म्हणूनच एक प्रोग्रॅम ‘१ टक्का’ म्हणत होता आणि दुसरा लाल रंग दाखवत होता. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत होते.

या तुकड्यांनी खरेच काही बिघडते का?

हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा आमचेच डोळे उघडले. ११८ जीबीचे १,४०० तुकडे, म्हणजे एक तुकडा सरासरी ८६ एमबीचा. साधी हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबी वाचते असे धरले तर संपूर्ण फाइल वाचायला सुमारे २० मिनिटे लागतात. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जायला हेडला १५ मिलिसेकंद धरा. १,४०० उड्यांचे झाले २१ सेकंद. २० मिनिटांच्या कामात २१ सेकंद, म्हणजे २ टक्क्यांहूनही कमी. आणि तेही कधी, तर बॅकअप वाचायची वेळ आली तर. एरवी ती फाइल कपाटातल्या ट्रंकेसारखी पडून असते.

तुकड्यांचा त्रास होतो तो रोज उघडल्या जाणाऱ्या फाइलींना, आणि तुकडे अगदी लहान असतील तेव्हा. तेव्हा बॅकअपच्या मोठ्या फाइली डीफ्रॅग होत नसतील तर बहुतेक वेळा त्यांना तसेच राहू देणे हेच योग्य.

मग आमची डिस्क मंद का होती? एकतर ती जवळपास भरली होती. दुसरे म्हणजे ती जुन्या यूएसबी २ च्या जोडणीवर चालत होती, आणि तिथे सेकंदाला ३०–३५ एमबीच्या पुढे जाणे अवघडच असते. डीफ्रॅगने या दोन्हींत काही फरक पडणार नव्हता.

आम्ही काय केले?

त्या दिवशी काहीही न पुसता डिस्क बाजूला ठेवली. नंतर ज्या क्रमाने काम केले तो क्रम सभासदांना उपयोगी पडावा म्हणून देत आहोत.

१. आधी नवी डिस्क आणली. २ टेराबाइटची. दुसरी प्रत होईपर्यंत जुन्या डिस्कवर एकही प्रोग्रॅम चालवायचा नाही, असे ठरवले.

२. सगळे जसेच्या तसे उतरवले. सुमारे ८६९ जीबी जुन्या जोडणीवरून उतरवायला ८ तास लागले. संगणक इन्व्हर्टरवर ठेवला आणि केबलला कोणाचा पाय लागणार नाही अशा जागी मांडला. पावसाळ्याच्या दिवसांत वीज कधी जाईल याचा नेम नाही.

३. प्रत तंतोतंत आहे याची खात्री केली. नुसता आकार जुळला म्हणून भागत नाही. विंडोजमध्ये ‘सर्टयूटिल’ नावाची अंगभूत आज्ञा आहे. ती फाइल वाचून तिचा ठसा काढून देते. मूळ आणि प्रत यांचे ठसे जुळले तरच प्रत खरी. एका अक्षराचाही फरक पडला तर पुन्हा उतरवायचे. मोठ्या फाइलीला वेळ लागतो, पण ही पायरी गाळू नका.

४. प्रतिमा उघडून पाहिली. विंडोजच्या प्रतिमेची फाइल आभासी डिस्कच्या स्वरूपात असते. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन ‘अटॅच व्हीएचडी’ निवडले आणि ‘रीड-ओन्ली’ची खूण केली की ती ड्राइव्हसारखी उघडते. ती खूण न करता उघडल्यास तिच्यात नकळत बदल लिहिले जाऊ शकतात. आम्ही मूळ न उघडता नवी प्रत उघडली, आणि आतले फोल्डर साध्या फाइलींच्या रूपात बाहेर काढले. आता ते वाचायला कोणत्याही बॅकअप प्रोग्रॅमची गरज नाही.

५. तिसरी प्रत केली. ती सध्या कार्यालयात न ठेवता एका पदाधिकाऱ्यांच्या घरी ठेवली आहे.

६. जुन्या डिस्कचा नंबर सर्वांत शेवटी लागला. दोन तपासलेल्या प्रती हातात आल्यावरच ती फॉरमॅट केली आणि सगळे परत भरले. रिकाम्या डिस्कवर लिहिलेली फाइल बहुतेक सलगच बसते. म्हणजे ज्या कामासाठी रात्रभर डीफ्रॅग चालवला, ते काम साध्या नकलेने झाले.

दोन सूचना. विंडोजच्या प्रतिमेचा फोल्डर ‘विंडोजइमेजबॅकअप’ या नावाचा असतो. त्याचे नाव बदलू नका आणि तो दुसऱ्या फोल्डरात टाकू नका. डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर त्याच नावाने असला तरच संगणक परत उभा करताना विंडोजला तो सापडतो. दुसरे म्हणजे, हा फोल्डर उतरवला की फक्त शेवटची आवृत्ती येते. शॅडो कॉपीत असलेल्या आधीच्या आवृत्त्या बरोबर येत नाहीत. त्यांतले काही हवे असेल तर ते आधी काढून घ्या.

डीफ्रॅग केव्हा अजिबात करू नये?

डिस्क एसएसडी असेल तर. तिच्यात फिरणारी तबकडी नाही, हेड नाही, त्यामुळे उडी मारण्याचा प्रश्नच नाही. उलट तिच्या खणांवर किती वेळा लिहिता येते याला मर्यादा असते आणि डीफ्रॅगने ते लिखाण विनाकारण वाढते. विंडोज ८ पासूनच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्हज’च्या खिडकीत ‘मीडिया टाइप’च्या रकान्यात डिस्कचा प्रकार दिसतो. तिथे ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असेल तर विंडोज तिची काळजी वेगळ्या पद्धतीने घेते. बाहेरचा प्रोग्रॅम आणू नका.

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, नक्कल मध्येच अडकत असेल, फाइली उघडताना चुका दाखवत असतील तर. ही डिस्क आजारी आहे. डीफ्रॅग म्हणजे तिला हजारो उड्या मारायला लावणे. सर्वांत महत्त्वाचे ते आधी बाहेर काढा, बाकीचे नंतर.

आणि त्या डिस्कवरच्या मजकुराची दुसरी प्रत नसेल तर. आमची चूक हीच होती.

फाइल मिळाली, पण वाचता येईल का?

प्रतिमेतून स्मरणिकांच्या फाइली बाहेर आल्या तेव्हा आनंद झाला, पण त्या उघडल्यावर देवनागरीऐवजी चित्रविचित्र इंग्रजी अक्षरे दिसली. जुन्या स्मरणिका पेजमेकरमध्ये, युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये मांडल्या होत्या. अशा फाँटमध्ये मराठी अक्षर इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेले असते, म्हणून तो फाँट नसेल तर मजकूर वाचताच येत नाही. सुदैवाने संपूर्ण संगणकाचीच प्रतिमा असल्याने फाँटही त्यातच सापडले. नुसत्या स्मरणिकेच्या फाइलींची नक्कल असती तर त्या हाती येऊनही वाचता आल्या नसत्या. ज्यांच्याकडे श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधले मराठी लिखाण आहे, त्यांनी फाँटची फाइलही सोबत जपावी, आणि शक्य तिथे पीडीएफ करून ठेवावी.

घरी करण्याजोगे

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. महत्त्वाच्या गोष्टीच्या ३ प्रती, २ वेगवेगळ्या साधनांवर, आणि त्यातली १ घराबाहेर. घराबाहेरची प्रत परगावी असलेल्या मुलीकडे, भावाकडे ठेवली तरी चालते.

बॅकअपच्या डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवा: यात काय आहे, केव्हा घेतले, मूळ कोठे आहे. आमच्या डिस्कवर अशी चिठ्ठी असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. डिस्क तीन-चतुर्थांश भरली की नवी घ्यायचा विचार करा. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईबरोबर म्हणा, बॅकअपमधली एखादी फाइल खरोखर उघडून पाहा. जो बॅकअप कधी उघडून पाहिलाच नाही, त्यावर भरवसा ठेवता येत नाही.

आपल्यापैकी कित्येकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या महाराष्ट्राबाहेर राहिली. गावाकडचे वाडे गेले, नातेवाईक पांगले. आजोबांचे मोडी कागद, आजीच्या आवाजातल्या ओव्या, लग्नाची जुनी चित्रफीत, असे जे हाती राहिले ते आता बहुधा एखाद्या डिस्कवरच आहे. ते परत मागायला कोणाकडे जाता येणार नाही.

ज्या सभासदांकडे अशी जुनी डिस्क आहे आणि तिच्यात काय आहे हे नक्की ठाऊक नाही, त्यांनी काहीही पुसण्यापूर्वी ती कार्यालयात घेऊन यावी. ज्या तरुण सभासदाने डीफ्रॅग चालवला होता, तोच आता हे काम पाहतो. पहिला प्रश्न तो हाच विचारतो: “याची दुसरी प्रत कुठे आहे?”

आपली,
संकेतस्थळ समिती